छेदनाकडून दर्शनाकडे : मूतखडा-निष्कासनाच्या शस्त्रक्रियेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मानवाला ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या व्याधींमध्ये मूतखड्याची गणना करावी लागते. इजिप्तमधील एल् अम्रा येथील प्राचीन दफनभूमीत सापडलेल्या एका मुलाच्या सांगाड्यात मूत्राशयातील खडा आढळला होता. आयुर्वेदात या व्याधीस 'अश्मरी' असे म्हटले आहे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजही कुळथाचे कढण, पाषाणभेद यांसारखे उपचार घरोघरी सांगितले जातात. त्याच वेळी 'दुर्बिणीने खडा काढला' हे वाक्यही आता सर्वसामान्य माणसाच्या बोलण्यात सहज येते. कोठेही न कापता, मूत्रमार्गातूनच बारीक नळी आत घालून, खडा डोळ्यांनी पाहून, तो फोडून बाहेर काढणे आज नित्याचे झाले आहे. मात्र ही सहजता प्राप्त होण्यासाठी वैद्यकशास्त्राला दोन हजार वर्षांहून अधिक काळ वाटचाल करावी लागली. या वाटचालीत उपकरणांचा इतिहास जसा आहे, तसाच मृत्यूंची मोजदाद करण्याचा, म्हणजेच पुराव्याचाही इतिहास आहे. सामान्यतः त्यातील पहिल्या भागाकडेच लक्ष दिले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन्ही अंगांचा एकत्रित विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

शोधनिबंधाची उद्दिष्टे :

१) मूतखडा काढण्याच्या प्राचीन व मध्ययुगीन छेदन-पद्धतीचे स्वरूप समजून घेणे.
२) १९व्या शतकातील 'लिथोट्रिटी' म्हणजे अश्मरीभंजन पद्धतीचा उदय व तिच्या स्वीकाराची कारणे तपासणे.
३) अंतर्दर्शक दुर्बिणीच्या विकासाचा या शस्त्रक्रियेवर झालेला परिणाम अभ्यासणे.
४) या इतिहासातील भारतीय संदर्भांचा शोध घेणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून वैद्यकाच्या इतिहासावरील दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

प्राचीन काळातील छेदन-पद्धती :

मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याचे सविस्तर वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. निदानस्थानात अश्मरीचे श्लेष्माश्मरी, पित्ताश्मरी, वाताश्मरी व शुक्राश्मरी असे चार प्रकार सांगितले असून चिकित्सास्थानात तिच्या उपचाराचे विवेचन आहे. औषधांनी गुण न आल्यासच शस्त्रकर्म करावे, असा सुश्रुतांचा दंडक आहे. वैद्याने डाव्या हाताची दोन बोटे गुदमार्गात घालून खडा खाली आणावा, सेवनीच्या डाव्या बाजूस जवाएवढे अंतर सोडून छेद घ्यावा आणि पुढे वाकलेल्या यंत्राने खडा काढावा, अशी ही पद्धती आहे.

या वर्णनातील दोन गोष्टी इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे, शस्त्र न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयास्पद, म्हणून अधिपतीची अनुज्ञा घेऊनच हे कर्म करावे, अशी सूचना सुश्रुतांनी दिली आहे. शस्त्रक्रियेतील धोका व जबाबदारी यांची ही अत्यंत प्राचीन जाणीव होय. दुसरी म्हणजे, खडा फुटू न देता सबंध काढावा, कारण त्याचा थोडासा चुरा मागे राहिला तरी तो पुन्हा वाढतो, असा त्यांचा इशारा आहे. पुढील काळातील भंजन-पद्धतीसमोर नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

ग्रीक परंपरेत हिपोक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या शपथेत वैद्याने खड्यासाठी छेद घेऊ नये, ते काम त्यातील जाणकारांकडे सोपवावे, असे बंधन घातलेले आहे. यावरून खडा काढणाऱ्यांचा वैद्यांहून वेगळा असा वर्ग त्या काळी होता, असे दिसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने वर्णिलेली पद्धती सुश्रुतांच्या पद्धतीशी बरीच मिळतीजुळती आहे. खडा मोठा असल्यास तो आतच फोडून काढणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या अमोनियसचा उल्लेखही सेल्ससने केला आहे. मात्र त्यासाठीही छेद घ्यावाच लागे.

युरोपातील परिस्थिती :

युरोपमध्ये १६व्या शतकापर्यंत ही पद्धती मूलतः बदलली नाही. १५२२ मध्ये मारियानो सांतो याने अधिक उपकरणे वापरून करावयाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. १७व्या शतकाच्या अखेरीस झाक ब्यूलिय नावाच्या, साधूच्या वेषात गावोगाव फिरणाऱ्या शस्त्रवैद्याने बाजूने छेद घेण्याची पद्धत रूढ केली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील विल्यम चेसेल्डन याने १७२७ पासून ती शास्त्रशुद्ध रूपात आणली. चेसेल्डन एका मिनिटाच्या आत खडा बाहेर काढीत असे. भुलीचे औषध उपलब्ध नसलेल्या त्या काळात वेग हीच रुग्णावरील मोठी दया होती. त्याने आपल्या २१३ रुग्णांपैकी २० दगावल्याची नोंद केली आहे. त्या काळाच्या मानाने हे यश असाधारण होते.

रुग्णांच्या बाजूने पाहिले असता या शस्त्रक्रियेची भीती किती होती, याची कल्पना येते. इंग्रज दैनंदिनीकार सॅम्युअल पेपीस याची शस्त्रक्रिया २६ मार्च १६५८ रोजी झाली. तो वाचला आणि त्या दिवसाची आठवण दरवर्षी साजरी करीत राहिला. फ्रेंच संगीतकार मारँ मारे याने १७२५ मध्ये या शस्त्रक्रियेवर एक वाद्यरचनाच प्रसिद्ध केली. जिवावरचे संकट म्हणूनच समाज या शस्त्रक्रियेकडे पाहत होता.

लखनौतील एक प्रयोग :

छेद न घेता नैसर्गिक मार्गाने खड्यापर्यंत पोहोचण्याच्या प्रयत्नांच्या इतिहासात भारतातील एका घटनेला स्थान आहे. फ्रान्समधील लियाँ येथे जन्मलेले व ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले क्लॉड मार्टिन (१७३५-१८००) लखनौ येथे अवधच्या नवाबाच्या दरबाराशी निगडित होते. पुढे त्यांच्या संपत्तीतून 'ला मार्टिनियर' या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. १७८२ मध्ये मार्टिन यांना मूत्राशयातील खड्याचा त्रास सुरू झाला. त्यांनी कानशीसारखा खरखरीत केलेला पोलादी सळईचा एक बारीक तुकडा तयार करून घेतला व तो नळीवाटे मूत्रमार्गातून आत घालून, दिवसातून अनेकदा, कित्येक महिने स्वतःच आपला खडा घासून काढला. मार्टिन वैद्य नव्हते, परंतु यंत्रविद्येची त्यांना उत्तम जाण होती. खड्याला बाहेर येण्यासाठी नवा मार्ग करण्याऐवजी आहे त्या मार्गातून मावेल एवढा खडा लहान करावा, हा विचार त्यांनी स्वतःच्या देहावर सिद्ध केला. युरोपातील शल्यशास्त्रात तो प्रस्थापित होण्यास यानंतर चाळीस वर्षे लागली.

सिव्हियाल आणि लिथोट्रिटीचा उदय :

१८१३ मध्ये बव्हेरियातील ग्रुइटहुइझेन याने मूत्रमार्गातून सरळ नळी घालून खडा फोडण्याच्या उपकरणांची कल्पना मांडली, परंतु जिवंत रुग्णावर तिचा वापर झाला नाही. हे श्रेय झाँ सिव्हियाल (१७९२-१८६७) या फ्रेंच शल्यवैद्याकडे जाते. विद्यार्थिदशेत त्याने प्रथम रासायनिक द्रव्यांनी खडा विरघळविण्याचा विचार केला होता. त्यात यश येण्याची चिन्हे न दिसल्याने तो यांत्रिक उपायाकडे वळला. त्याच्या 'ट्रायलेब' या उपकरणात सरळ नळीच्या आत तीन नख्यांची पकड व मधोमध फिरणारी गिरमिटासारखी सळई होती. पकडीत खडा धरावयाचा, सळईने त्याला छिद्रे पाडून तो खिळखिळा करावयाचा व त्याचे तुकडे मूत्रावाटे बाहेर पडू द्यावयाचे, अशी ही योजना होती. १३ जानेवारी १८२४ रोजी पॅरिस येथे विज्ञान अकादमीच्या प्रतिनिधींसमोर सिव्हियालने पहिली यशस्वी लिथोट्रिटी केली. रुग्ण पूर्ण शुद्धीवर होता. पुढे पॅरिसच्या नेकर रुग्णालयात सिव्हियालकडे मूत्ररोग्यांचा स्वतंत्र विभाग सोपविण्यात आला. मूत्ररोगशास्त्र ही स्वतंत्र शाखा म्हणून उदयास येण्यातील हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

या शोधाच्या श्रेयावरून सिव्हियाल, लेरॉय देत्योल, अम्युसा व अर्तलू यांच्यात दीर्घकाळ वाद झाला. अर्तलूने पुढे हातोडीच्या आघाताने खडा फोडणारे वक्र उपकरण आणले आणि सिव्हियालचे सरळ गिरमिट मागे पडले. म्हणजेच ज्या उपकरणाने क्रांती घडविली, ते स्वतः फार काळ टिकले नाही. त्यामागील विचार मात्र टिकला.

आकड्यांची साक्ष :

सिव्हियालचे दुसरे कार्य तितकेच मोलाचे आहे. छेदन श्रेष्ठ की भंजन, हा वाद केवळ अधिकारवाणीने सुटणारा नव्हता. म्हणून सिव्हियालने युरोपातील विविध ठिकाणांहून शस्त्रक्रियांच्या नोंदी जमविल्या. त्यानुसार छेदन-पद्धतीच्या ५,४४३ शस्त्रक्रियांमध्ये १,०२४ रुग्ण दगावले होते. हे प्रमाण शेकडा १८.८ इतके येते. याउलट लिथोट्रिटीतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा २ च्या आसपास होते.

१८३५ मध्ये हे संशोधन पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर आले, तेव्हा गणितज्ञ प्वासाँ, रसायनशास्त्रज्ञ द्युलाँ, शल्यवैद्य लारे व वैद्य दुब्ल यांच्या समितीने त्यावर अहवाल दिला. संख्याशास्त्रात व्यक्तीचे वेगळेपण बाजूस ठेवावे लागते, वैद्यापुढे मात्र प्रत्येक वेळी एक विशिष्ट रुग्ण असतो, असा मूलभूत मुद्दा या अहवालात उपस्थित करण्यात आला. विरोधकांचा आक्षेप अधिक व्यावहारिक होता. लहान खडा व चांगली प्रकृती असलेले रुग्ण भंजनासाठी निवडले जातात आणि कठीण रुग्ण छेदनाच्या वाट्याला येतात, मग दोहोंची तुलना न्याय्य कशी, असा त्यांचा प्रश्न होता. हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. आजच्या परिभाषेत ज्याला निवडीतील पूर्वग्रह म्हणतात, त्याचेच हे स्पष्ट उदाहरण होय. तरीही शस्त्रवैद्याच्या कीर्तीऐवजी रुग्णांच्या मृत्यूंची बेरीज हा निर्णयाचा आधार असावा, ही भूमिका सिव्हियालच्या प्रयत्नाने प्रस्थापित होण्यास मदत झाली. उपकरणाइतकीच ही भूमिकाही नवी होती.

लिथोट्रिटीच्या मर्यादा आणि बिगेलोचे कार्य :

लिथोट्रिटीतही धोके होतेच. अनेक बैठका कराव्या लागत आणि दोन बैठकांच्या मधल्या काळात खड्याचे टोकदार तुकडे मूत्राशयात राहून दाह व जंतुसंसर्ग होई. फ्रान्सचा पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सर हेन्री थॉम्प्सन या निष्णात इंग्रज शल्यवैद्याने इंग्लंडमधील चिझलहर्स्ट येथे २ व ६ जानेवारी १८७३ रोजी त्याच्यावर क्लोरोफॉर्म देऊन दोन बैठकांत लिथोट्रिटी केली. तिसऱ्या बैठकीपूर्वीच, ९ जानेवारीस, त्याचा मृत्यू झाला. याच थॉम्प्सनने १८६३ मध्ये बेल्जियमचा राजा पहिला लिओपोल्ड याचा खडा यशस्वीपणे काढला होता.

अमेरिकेतील बोस्टन येथील हेन्री जेकब बिगेलो याने १८७८ मध्ये यावर उपाय मांडला. रुग्णास भूल द्यावी, एकाच बैठकीत खड्याचा संपूर्ण चुरा करावा आणि रुंद नळीला जोडलेल्या रबरी फुग्याच्या साहाय्याने पाणी आतबाहेर खेळवून सर्व चुरा धुऊन काढावा, अशी ही 'लिथोलापॅक्सी' पद्धती होय. प्रौढ मूत्रमार्ग पूर्वी समजला जात होता त्यापेक्षा अधिक रुंद असतो, हे ओटिस याने दाखवून दिल्यामुळे रुंद नळीचा वापर शक्य झाला होता. चुरा मागे ठेवू नये, ही सुश्रुतांची अट भंजन-पद्धतीने येथे प्रथमच बऱ्याच अंशी पूर्ण केली.

भारतातील रुग्णालये व लिथोलापॅक्सी :

१९व्या शतकात सिंध, पंजाब व वायव्य भारतात मूत्राशयातील खड्याचे प्रमाण मोठे होते आणि त्यात गरीब घरांतील लहान मुलग्यांची संख्या लक्षणीय होती. यांपैकी सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने त्यांच्यावर लिथोलापॅक्सी करता येणार नाही, असे युरोपातील तज्ज्ञांचे मत होते. होळकरांच्या इंदूर येथील रेसिडेन्सीचे सर्जन डी. एफ. कीगन यांनी १८८० नंतरच्या दशकात लहान उपकरणे वापरून हे मत खोडून काढले. मुरादाबाद येथील पी. जे. फ्रेयर यांनीही भारतातील अनुभवाच्या आधारे या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढे लंडनमध्ये पौरुषग्रंथीच्या शस्त्रक्रियेसाठी ते विख्यात झाले.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. भारतीय रुग्णांच्या देहावर मिळालेल्या अनुभवामुळे युरोपातील एक ठाम समज बदलला. परंतु ग्रंथांत शल्यवैद्यांची नावे राहिली. ज्या मुलांमुळे हे ज्ञान सिद्ध झाले, ती केवळ संख्या बनून राहिली. सिव्हियालच्या वेळी उपस्थित झालेला व्यक्ती आणि संख्या यांच्यातील प्रश्न वसाहतीच्या संदर्भात असा अधिक तीव्र होतो. पुढे कून्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून निकृष्ट आहार व 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव यांचा खडे होण्याशी असलेला संबंध दाखविला. मुलांमधील मूत्राशयाचा खडा हा शल्यशास्त्राइतकाच दारिद्र्याचाही प्रश्न होता, हे त्यावरून स्पष्ट होते. आहार सुधारला तेथे हा रोग ओसरत गेला. त्याची जागा प्रौढांमधील मूत्रपिंडाच्या खड्यांनी घेतली.

अंधारातून प्रकाशाकडे :

सिव्हियालपासून बिगेलोपर्यंतच्या सर्व शल्यवैद्यांमध्ये एक उणीव समान होती. त्यांना खडा दिसत नव्हता. धातूवर दगड घासल्याचा आवाज व हाताला जाणवणारा स्पर्श एवढाच त्यांचा आधार होता. शरीराच्या पोकळीत प्रकाश नेण्याचा प्रयत्न फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनी (१७७३-१८०९) याने १९व्या शतकाच्या आरंभीच मेणबत्ती व आरसा यांच्या साहाय्याने केला होता, परंतु व्हिएन्नातील वैद्यकीय वर्तुळात त्याला विरोध झाला. १८५३ मध्ये पॅरिसमधील देझोर्मो याने मद्यार्क व टर्पेंटाईन यांच्या मिश्रणावर जळणाऱ्या दिव्याचा उपयोग करून आपला 'एंडोस्कोप' सादर केला. या दोन्ही साधनांत दिवा शरीराबाहेर असल्याने आत प्रकाश अगदी कमी पोहोचत असे.

मॅक्सिमिलियन नित्झे (१८४८-१९०६) या जर्मन वैद्याने दिवाच शरीराच्या आत नेला. खोलीत प्रकाश हवा असेल तर दिवा खोलीतच न्यावा लागतो, असा हा साधा तर्क होता. त्याने १८७७ मध्ये ड्रेस्डेन येथे आपले उपकरण दाखविले व व्हिएन्नातील उपकरण-निर्माते योझेफ लायटर यांच्या सहकार्याने १८७९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती सादर केली. तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेचा प्रकाश व तिला थंड ठेवण्यासाठी सतत फिरते पाणी अशी त्याची रचना होती. एडिसनच्या विजेच्या दिव्यानंतर काही वर्षांतच सूक्ष्म दिवे तयार झाले आणि पाण्याची गरज उरली नाही.

त्यापुढील मोठी झेप प्रकाशशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉपकिन्स (१९१८-१९९४) यांनी घडविली. १९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये हॉपकिन्स व पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे दाखविणारा निबंध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लवचीक दुर्बिणीचा पाया यातून घातला गेला. १९५९ मध्ये हॉपकिन्स यांनी ताठ दुर्बिणीतील लहान भिंगांऐवजी काचेचे लांब दंड वापरण्याची रचना मांडली. त्यामुळे बारीक नळीतूनही कितीतरी पट अधिक प्रकाश व स्पष्ट प्रतिमा मिळू लागली. जर्मनीतील उपकरण-निर्माते कार्ल श्टोर्त्झ यांनी तिची निर्मिती केल्यावर ती जगभर पोहोचली.

मूत्राशयाच्या पलीकडे :

दृष्टी लाभल्यानंतर शल्यवैद्य मूत्राशयाच्या पलीकडे, मूत्रवाहिनी व मूत्रपिंडापर्यंत जाऊ लागले. ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१२ मध्ये एका मुलाच्या फुगलेल्या मूत्रवाहिनीतून ताठ दुर्बीण मूत्रपिंडापर्यंत नेली होती, परंतु तो अपवाद होता. १९६४ मध्ये मार्शल यांनी काचतंतूंच्या लवचीक दुर्बिणीने मूत्रवाहिनीतील खडा पाहिला. १९८० च्या सुमारास माद्रिदचे पेरेझ-कास्त्रो यांनी मूत्रपिंडापर्यंत पोहोचणारी लांब ताठ दुर्बीण वापरात आणली. दरम्यान १९७६ मध्ये स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी पाठीतून केलेल्या लहानशा छिद्रावाटे मूत्रपिंडातील खडा काढला. आज 'पीसीएनएल' या नावाने ओळखली जाणारी पद्धत ती हीच.

७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे ख्रिश्चन शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराबाहेरून आघात-लहरी सोडून रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा फोडला. यापुढे दुर्बिणीची गरज उरणार नाही, असे वाटण्याजोगी ही घटना होती. प्रत्यक्षात तसे झाले नाही. फुटलेला खडा बाहेर पडलाच पाहिजे, हा जुना प्रश्न येथेही कायम राहिला. १९९० नंतरच्या दशकात होल्मियम लेसर आल्यावर अतिशय बारीक तंतूतून, डोळ्यांसमोर, खड्याची भुकटी करणे शक्य झाले आणि दुर्बिणीचे महत्त्व पुन्हा वाढले. भारतात १९७८ मध्ये स्थापन झालेल्या गुजरातमधील नडियाद येथील मूत्ररोग रुग्णालयाने पाठीतील छिद्र अधिकाधिक लहान करण्याच्या प्रयत्नात मोलाची भर घातली आहे.

निष्कर्ष :

१) मूतखडा-निष्कासनाच्या इतिहासात मार्ग, दृष्टी व पुरावा असे तीन प्रश्न क्रमाने सोडवावे लागले. नैसर्गिक मार्गाचा प्रश्न १८२४ मध्ये सिव्हियालने सोडविला. दृष्टीचा प्रश्न नित्झेपासून हॉपकिन्सपर्यंत सुटत गेला. पुराव्याचा प्रश्न १८३५ मध्ये उपस्थित झाला व तो आजही पूर्णतः संपलेला नाही.

२) केवळ उपकरणाचा शोध लागल्याने उपचारपद्धती बदलत नाही. मार्टिन व बोझिनी यांच्या कल्पना योग्य असूनही त्यांना तत्काळ मान्यता मिळाली नाही. सिव्हियालला मात्र रुग्णालय, अकादमी व आकडे या तिन्हींचे पाठबळ मिळाले.

३) भारताचा या इतिहासातील सहभाग केवळ सुश्रुतांपुरता मर्यादित नाही. लखनौ, इंदूर, कून्नूर व नडियाद ही ठिकाणे आणि कपानी यांचे कार्य हे त्याचे पुढील टप्पे आहेत. त्याचबरोबर वसाहतकालीन रुग्णालयांतील अनाम रुग्णांचे ऋणही इतिहासाने मान्य केले पाहिजे.

४) चुरा मागे राहिल्यास खडा पुन्हा वाढतो, हा सुश्रुतांचा इशारा लेसरच्या युगातही लागू आहे. मागे राहिलेले बारीक कण व पुन्हा होणारे खडे हीच आजच्या शल्यवैद्यापुढील अडचण आहे. खडा फोडण्याची साधने बदलली, परंतु खडा होऊच नये यासाठी आहार, पाणी व राहणीमान यांकडे लक्ष देण्याची गरज बदललेली नाही. सिंध व पंजाबातील मुलांच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध हाच होय.